धाकूची खार

मोबाइलचा टॉर्च बंद कर रे अनय, डोळ्यांत घुसतो. खाली ट्रान्सफॉर्मरवाले आलेत, म्हणजे तासभर तरी लाइट नाही. बसा इथेच गच्चीवर, टाकीच्या कट्ट्याला टेकून. घरात जाऊन करणार काय, उकडून मरणार?

मघापासून ऐकतोय तुमचं. नवीन बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावाल्यांना आपल्यापेक्षा सव्वीस फूट जास्त मिळणार. जान्हवी, तुझ्या तर घशाखाली पाणी उतरत नाहीये त्या सव्वीस फुटांमुळे. हसू नकोस. अंधारात तोंड दिसत नसलं तरी आवाजात कळतं.

एक सांगतो. गोष्ट म्हणा हवं तर, पण झालेली आहे. ज्याच्या बाबतीत झाली तो माणूस अजून शिंपोलीला राहतो, सकाळी दूध आणायला जाताना मला दिसतो. सुबोध राऊत त्याचं नाव.

मी भूमापन खात्यात चौतीस वर्षं काढली, हे तुम्हाला माहीत आहे. मोडी वाचता येते हे माहीत नसेल. रिटायर झाल्यावर ते कळलं तशी माणसं घरी यायला लागली. कोणाच्या खापरपणजोबाची सनद, कोणाचा इनामाचा कागद. पिशवीतून झेरॉक्स काढायचे आणि म्हणायचे, राजारामकाका, एवढं वाचून द्या, आमची जमीन नक्की कुठे होती ते बघायचंय. मला तेवढाच विरंगुळा. सुबोध असाच आला, दोन हजार सतराच्या दिवाळीनंतर.

पंचेचाळिशीचा माणूस. विमा कंपनीत नोकरी, शर्टाला इस्त्री, बोलणं व्यवस्थित. फोर्टातल्या सरकारी दप्तरखान्यात रजा टाकून टाकून तीन महिने बसला होता. मोडीचं अक्षर येत नाही, पण इंग्रजी सूचीवरून गोराईच्या कागदांचे नंबर काढले आणि प्रती करून आणल्या. चिकाटी मानली मी त्याची.

पहिला कागद कौलाचा होता. कौल म्हणजे सरकारने दिलेला शब्द. साष्टी, म्हणजे आपला हा सगळा भाग, तेव्हा नुकतीच कंपनी सरकारच्या हातात आलेली. गोराईच्या खाडीकाठी नुसतं खाजण, भरतीला पाणी, ओहोटीला चिखल. सरकार म्हणायचं, बांध घाल, खारं पाणी बाहेर ठेव, भात पिकव, जमीन तुझी. अशा जमिनीला खार म्हणतात. इतकी वर्षं सारा माफ. असा कौल सतराशे ब्याण्णव साली दोघा सख्ख्या भावांना दिला होता. धाकू राऊत आणि मार्तंड राऊत.

वाचता वाचता मी थांबलो. म्हटलं, "यातला धाकू धाकटा ना? मग त्याचं नाव आधी कसं? थोरल्याचं आधी लिहितात."

कारण पुढच्या ओळीत होतं. बांध कसा घालायचा ती अक्कल धाकूची, म्हणून कौल त्याच्या नावे. मार्तंड नुसता हिस्सेदार. बांधाला पाणी सोडायचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. उघाडीपासून उगवतीला बावीस काठ्यांपर्यंत मार्तंडाचं. तिथून पुढे सगळं धाकूचं.

दुसरा कागद चार वर्षांनंतरचा. बांध बावीस काठ्यांवर दोनदा फुटला. तिसऱ्या वर्षी टिकला. आणि त्या वर्षापासून अख्खी खार मार्तंडाच्या नावावर. धाकूचं नावच नाही. का नाही, ते लिहिलेलं नाही.

मी चष्मा काढून सुबोधकडे बघितलं. तो हसत होता. म्हणजे खूश होऊन हसतात तसं नाही. समोरच्याचा पाय घसरताना बघून एखादा हसेल, तसं.

"मिहिर मार्तंडाच्या वंशातला," तो म्हणाला. "सात-बाऱ्यावर पिढ्या उतरलेल्या आहेत. आणि आम्ही धाकूचे. माझे आजोबा सांगायचे."

"कागद आहे का तसा?"

"शोधीन."

हा मिहिर कोण, ते आता सांगतो. मिहिर राऊतही बोरिवलीतलाच, सुबोधचा भावकीतला. सात-आठ पिढ्यांपूर्वीचं नातं. पण दोघं एकाच शाळेत, एकाच बाकावर वाढलेले. दहावीला मिहिर दुसरा, सुबोध तिसरा. बारावीला मिहिर दुसरा, सुबोध तिसरा. पहिला कोण येतो याचं सुबोधला काही पडलेलं नव्हतं. मिहिरने चष्मा घेतला तेव्हा ह्याने डोळे चांगले असताना डॉक्टरकडे जाऊन तपासून घेतले. मिहिरचं लग्न वैशाखात ठरलं, तर ह्याने स्वतःचं फाल्गुनात उरकलं. हे मला कोणी सांगितलं? त्याच्याच बायकोने, दीप्तीने. हसत हसत सांगितलं.

गोराईची ती खार आता मिहिरकडे. भात कधीच बंद झालं. पण बांध आहे, चाळीस-पन्नास नारळ आहेत, वांगी-वाल लावतो, छोटं कौलारू घर बांधलंय. बोरिवलीचं घर मुलाला देऊन नवरा-बायको तिकडेच राहायला गेले. गावातले लोक त्या जागेला अजून धाकूची खार म्हणतात.

आणि मिहिर माणूस चांगला. हेच तर सुबोधला डाचायचं. दर हंगामाला पांढऱ्या कांद्यांची माळ, वालाच्या शेंगा, खाडीतली कोलंबी घेऊन मिहिर स्वतः शिंपोलीला यायचा. दारातूनच ओरडायचा, "वहिनी, ताजं आहे, आजच करा!" तो जिना उतरला की सुबोध ती पिशवी कचऱ्याच्या डब्यात टाकायचा. दीप्ती उचलून परत आणायची. एकदा ती म्हणाली, "काय वाकडं केलंय रे त्यांनी तुझं?" तर हा म्हणाला, "काही नाही ना केलं. केलं असतं तर बरं झालं असतं."

तर डिसेंबरात तो माझ्याकडे परत आला. म्हणाला, "काका, बावीस काठ्या म्हणजे किती?"

मी म्हटलं, "जुनी काठी नऊ फुटांच्या वर थोडी. धर दोनशे सात फूट."

"उघाडी जुन्याच जागी आहे. तिथून मोजलं की कळेल, घर कोणाच्या हिश्श्यात येतं."

"कळून काय करणार? कोर्टात उभं राहणार नाही हे. सव्वादोनशे वर्षं झाली."

"कोर्टात कोण जातंय? मला कळलं म्हणजे झालं. तो ज्या घरात झोपतो ना, ते माझं आहे, एवढं मला कळलं पाहिजे."

मी त्याला एक सांगितलं. खात्यात असताना जुने खारवाले माझ्याशी बोलायचे. बांध एकाच जागी दोनदा फुटून तिसऱ्यांदा टिकला की ते जास्त चौकशी करत नसत. त्या जागेवर संध्याकाळनंतर उभेही राहत नसत. सुबोध म्हणाला, "काका, तुम्ही पण ना."

सोळा डिसेंबर दोन हजार सतरा. शनिवार. अमावास्येला दोन दिवस होते, म्हणजे चंद्र नाहीच म्हणा. मिहिर आणि त्याची बायको वसईला लग्नाला जाणार होते. मिहिरनेच फोनवर सांगितलं होतं, तू पण चल म्हणून. सुबोधने काम आहे सांगितलं. संध्याकाळी साडेपाचला स्कूटर घेऊन गोराईच्या जेट्टीवर गेला, स्कूटर बोटीत चढवली, पलीकडे उतरला. डिकीत शंभर फुटी टेप, एक खडू, बिस्किटचा पुडा. दीप्तीला सांगितलं होतं, मित्राकडे जातोय. खोटं तरी कसं म्हणणार?

सहाला सूर्य बुडाला. गावातल्या कोणी बघू नये म्हणून हा चर्चच्या पुढे एका टपरीवर चहा घेत बसला. सव्वासातला खारीवर पोचला. स्कूटर फाटकाबाहेर लावली आणि बांधावर चढला.

आता नीट डोळ्यांसमोर आणा. बांध म्हणजे मातीची लांब भिंत, वर एक माणूस चालेल एवढी रुंदी. डाव्या हाताला खाडी आणि तिवरांची झाडं, उजव्या हाताला खार. एका टोकाला उघाडी. दुसऱ्या टोकाला, उगवतीकडे, मिहिरचं घर. घरात दिवा नाही. भरती लागलेली, पूर्ण व्हायची होती रात्री पावणेअकराला. तिवरांच्या मुळांत पाणी शिरताना बुडबुड आवाज येतो, तेवढाच काय तो आवाज.

टेप धरायला दोन माणसं लागतात. ह्याला तर कोणी नको होतं. म्हणून त्याने टेपचं टोक उघाडीच्या लाकडी खांबाला बांधलं, चांगली दोन गाठींनी, आणि सोडत सोडत उगवतीकडे निघाला. शंभर फूट झाले. तिथे पडलेल्या एका सपाट खापरीवर खडूने खूण केली. आता परत मागे जायचं, गाठ सोडायची, टोक इथे आणून बांधायचं, मग पुढचे शंभर. असा हिशेब होता.

तो वळला आणि हातातली टेप सैल झाली.

त्याला वाटलं गाठ सुटली. सुटते कधी कधी.

मग ती सैल टेप बांधावरून पुढे यायला लागली. ओढल्यासारखी नाही. कोणी तिचं टोक हातात धरून चालत यावं, तशी. मातीवर तिचं घासणं ऐकू येत होतं... सर्र... सर्र... आणि त्याच्या अलीकडे दहा-बारा फुटांवर थांबलं.

अनय, तू मोजणी बघितलेली नाहीस. साखळी धरणारे दोघं असतात. पुढचा थांबला की मागचा त्याच्या खुणेपर्यंत येतो, मग पुढचा चालायला लागतो. माझी अख्खी नोकरी त्यात गेली. मागचा माणूस खुणेवर टोक धरतो आणि टेपला एक बारीक झटका देतो. म्हणजे, चल.

टेपला झटका बसला.

"कोण?" सुबोधने विचारलं.

"मिहिर?"

त्या वेळी पळायचं होतं ना? तुम्ही पळाला असतात. मी पळालो असतो. पण दोनशे फुटांतले शंभर झाले होते, आणि समोर ते घर होतं. तो मला म्हणाला, काका, मला भीतीपेक्षा ते घर जास्त दिसत होतं. तो पुढे चालायला लागला. टेप त्याच्या मागे ताठ राहिली.

आठला पाच कमी असताना त्याने मला फोन केला. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. म्हणाला, "काका, काठी नक्की किती फुटांची धरायची?" आवाज नेहमीसारखाच, जरा घाईतला. मी आकडा सांगायला लागलो, तर मागून कोणीतरी मोजत होतं. सावकाश. पुरुषाचा आवाज. "सतरा... अठरा..." मी म्हटलं, "माणूस घेतलास वाटतं मोजायला?" "एकोणीस..." आणि फोन कट झाला.

मला वाटलं मजूर असेल. मी टीव्ही लावला. खरंच सांगतो, टीव्ही लावला मी.

"वीस..."

तिकडे बांधावर मोजणारा शंभर फूट मागे, टेपच्या दुसऱ्या टोकाला. आवाज मात्र खांद्याजवळ.

"एकवीस..."

सुबोधच्या पायाखालची माती बदलली. आतापर्यंत टणक होती. आता पाऊल टाकलं की जरा खाली जायची आणि वर यायची. तो थांबला.

"बावीस."

समोर दोन पावलांवर बांध काळा दिसत होता. ओला. बाकीचा सुका.

"कुणासाठी मोजतोस?"

सुबोध घराकडे बघत राहिला.

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

"तुला हवी?"

"हो."

नुसती ती बुडबुड.

"तुला हवी... का त्याच्याकडे नको?"

तो मला म्हणाला, काका, आयुष्यात एवढं सरळ मला कोणी विचारलं नव्हतं. बायकोनेसुद्धा नाही. आणि तिथे खोटं बोलायला कोणी नव्हतंच.

"त्याच्याकडे नको," सुबोध म्हणाला.

टेप जराशी सैल झाली. मागच्याने हात खाली घ्यावा, तशी.

"मग तू धाकूचा नव्हेस. माझा आहेस."

...

"सगळी मला मिळाली. सगळी. बांध माझा, भात माझं, पोरंबाळं माझी. अजून म्हणतात धाकूची खार."

कोण बोलतंय ते त्याला तेव्हा कळलं. तुम्हालाही कळलं ना? जान्हवी, हात सोड माझा, दुखतोय. सांगतो पुढे.

तेवढ्यात घराकडे उजेड दिसला. मोबाइलचा टॉर्च. घराच्या बाजूने कोणीतरी बांधावर चढलं आणि हाक आली.

"कोण आहे रे तिकडे? सुबोध? तुझी स्कूटर बघितली बाहेर!"

मिहिर. बायकोला लग्नात ठेवून तो एकटा परत आला होता. मोठी भरती होती आणि उघाडीचं दार लावायचं राहिलं होतं. ते लावलं नाही तर वांग्यांत खारं पाणी शिरतं.

सुबोध इकडे. मिहिर तिकडून येतोय. मधे ती ओली जागा.

"गप्प राहा," आवाज म्हणाला. अगदी हळू. मायेने म्हणावं तसं. "एवढंच. मी काही ढकललं नव्हतं त्याला. मला दिसत होतं मऊ आहे. मी गप्प राहिलो. एवढंच."

मिहिर येत होता. उजेड डुलत होता.

"अरे, सांगायचं ना येणार म्हणून! मी थांबलो असतो!"

पाच पावलं राहिली.

सुबोधने तोंड उघडलं नाही.

चार.

"चहा टाकू का? का जेवूनच जातोस?"

तीन.

तो मला म्हणाला, काका, मला कोणी धरलं नव्हतं. माझा गळा कोणी दाबला नव्हता. तोंड माझंच होतं.

दोन.

...

मिहिर गेला. ओरडला नाही, एवढ्या पटकन. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. टॉर्च विझला. अंधार. चिखलाने एक मोठा घोट घेतल्यासारखा आवाज.

आणि त्या अंधारातून मिहिर ओरडला. काय ओरडला माहीत आहे?

"सुबोध, पुढे येऊ नकोस रे! इथे मऊ आहे! तिथेच थांब!"

जे वाक्य ह्याने बोलायला हवं होतं, ते तो बोलला. चिखलात छातीपर्यंत असताना.

सुबोध पुढे झेपावला, तर मागून टेप ताणली गेली. मनगटाला तिचे दोन वेढे होते. टेप त्याला मागे ओढत होती, जोरात, हात खांद्यातून निघेल एवढी. त्याने दुसऱ्या हाताने वेढे ओरबाडून काढले. टेप सटकली आणि सणसणत अंधारात गेली, उघाडीकडे. हा पोटावर पडला, हात लांब केला, बोटं लागली, मनगट लागलं. किती वेळ खेचत होता ते त्याला सांगता येत नाही. खाडीचं पाणी तिथे पडलेल्या भेगेतून यायला लागलं होतं, त्याने चिखल सैल पडला, म्हणून मिहिर निघाला. नाहीतर निघाला नसता.

दोघं घराच्या पायरीवर बसले, चिखलाने माखलेले. मिहिर थरथरत होता, हसत होता, रडत होता. "तू नसतास तर मेलो असतो. काय नशीब बघ, नेमका तू आलास." सुबोध का आला होता, ते त्याने विचारलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री सुबोध माझ्या घरी आला. मनगटाभोवती जांभळा पट्टा. हे सगळं त्याने मला सांगितलं, जसं मी तुम्हाला सांगितलं. बायकोला नाही सांगितलं, मलाच. मी ऐकून घेतलं आणि कपाटातून त्याचे कागद काढले. शेवटची एक प्रत मी मधल्या काळात वाचून ठेवली होती. त्यात एक ओळ होती, धाकू राऊत निपुत्रिक वारला. म्हणजे धाकूला मूलबाळ नव्हतंच. गोराईचे होते ते सगळे राऊत मार्तंडाचे. हा पण, मिहिर पण.

मी म्हटलं, "सुबोध, तुझे आजोबा सांगायचे ते..."

"माहीत आहे," तो म्हणाला. "त्याने सांगितलं मला."

आता तुम्हाला वाटेल इथे संपलं. माणूस सुधारला. तसं होत नाही रे.

मिहिरने अख्ख्या बोरिवलीला सांगितलं, सुबोधने जीव वाचवला. कोणाच्या बारशाला गेला तरी तेच. सुबोध तिथे असला तर त्याचा हात धरून लोकांपुढे उभा करायचा. सुबोधला ते ऐकताना काय होत असेल, विचार करा. आणि एप्रिलमध्ये मिहिरने आणखी एक केलं. खारीतली पाच गुंठे जागा सुबोधच्या नावे बक्षीसपत्र करून दिली. तीनदा नाही म्हणाला हा. शेवटी दीप्ती म्हणाली, "घे ना रे, इतकी वर्षं हेच तर हवं होतं तुला." मग घेतली.

मी विचारलं त्याला, "आता तरी बरं वाटतंय?"

तो खाली बघत म्हणाला, "काका, देणारा परत तोच ना."

मे महिन्यात खात्याची मोजणी झाली. अठरा तारीख, शुक्रवार. माझी ओळख होती म्हणून मी पण गेलो. दिवसाढवळ्या, ऊन असं की डोकं फुटेल. पाच गुंठे आखून दिले, चार कोपऱ्यांना खात्याचे चार घडीव दगड पुरले. मी स्वतः उभं राहून बघितले. नकाशावर सही केली. शेवटची बोट सुटायच्या आत निघणार होतो, पण मिहिरने सोडलंच नाही. तांदळाची भाकरी, जवळा, सोलकढी. ओटीवर तिघं झोपलो.

पहाटे साडेपाचला सुबोधने मला हलवून उठवलं. तो पुढे चालायला लागला, मी त्याच्या मागे.

दगड पाच होते.

पाचवा खात्याचा नव्हता. काळा, ओबडधोबड, गुडघ्याएवढा. जमीन उन्हाने भेगाळलेली, त्या जागी महिनोन् महिने पाणी आलेलं नव्हतं. दगडाभोवतीची माती कोणी हलवलेली नव्हती, भेगा सरळ त्याच्या बुडापर्यंत गेलेल्या. जसा काही तो पहिल्यापासून तिथे होता. आणि ओला होता. अंगभर कालवांचे शिंपले चिकटलेले, खाडीतल्या खडकाला असतात तसे. मी नखाने एकाला टोचलं. त्याने तोंड मिटलं.

बांधाकडच्या कोपऱ्यात खात्याचा दगड होता. हा त्याच्यापासून जरा आत, सुबोधच्या हद्दीत. दोघांच्या मधे तेवढा तुकडा वेगळा काढल्यासारखा.

सुबोध म्हणाला, "काका, मोजा."

टेप काढायचं मला धाडस झालं नाही. मी खाली बसलो आणि कोपरापासून बोटापर्यंत, हातानेच मोजलं. मग परत एकदा मोजलं.

साडेतीन हात.